‘आम्ही’ म्हणजे कोण, शुभे?

शुभे, तुझ्या शोकसभेत तुझ्याबद्दल जो जो चांगलं बोलला, त्या प्रत्येकाचा मला राग आला. एका मंडळाच्या अध्यक्षांनी तुला ‘नाशिकची लेक’ करून टाकलं. तू जन्मलीस कानपूरला, वाढलीस इगतपुरीला, नोकरी केलीस दिल्लीत आणि परदेशांत, आणि नाशिकला कायमची आलीस ती निवृत्त झाल्यावर. पण नाशिककरांना लेक हवी होती आणि तू काही नाही म्हणायला तिथे नव्हतीस. एका माजी प्राचार्यांनी तुझ्याशी आपले घरोब्याचे संबंध असल्याचं सांगितलं. घरोबा म्हणे. तू चहात साखर घेत नाहीस हेसुद्धा त्या गृहस्थांना ठाऊक नसेल.

स्टेजवर तुझा हार घातलेला फोटो होता आणि दोन पुष्पचक्रं आली होती. ज्या दोन देशांच्या युद्धात तू मध्यस्थी केलीस त्या दोघांच्या वकिलातींनी एकेक पाठवलं होतं. ती कशी ठेवायची यावर संयोजकांची भलतीच पंचाईत झाली. लग्नात मानपानावरून होते तशी. एकजण घामाघूम होऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, “मॅडम, उजवीकडे कुणाचं ठेवायचं? उद्या फोटो छापून आला तर भानगड नको.” मी म्हटलं, “दोन बाजूंना दोन ठेवा. उजवं कुठलं, फोटोचं की बघणाऱ्याचं, ते ज्याचं त्याला ठरवू दे.” तो खूश होऊन गेला. तू असतीस तर हसली असतीस, आणि मग हीच युक्ती कुठल्या तरी राजधानीत वापरून मोकळी झाली असतीस, माझं नाव न घेता.

मी दुसऱ्या रांगेत बसले होते. पहिली रांग मान्यवरांची. तिथे बसलेल्यांपैकी कुणालाही हे माहीत नव्हतं की ज्या गोष्टीसाठी तुझं एवढं कौतुक चाललं होतं ती तुला पहिल्यांदा मी शिकवली होती. तीसुद्धा पाचवीच्या वर्गात, डबा खाताना.

तुझे वडील बदलीवर इगतपुरीच्या रेल्वेत आले आणि तुम्ही आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये राहायला आलात. चार महिने कपडे न वाळणारं आमचं ते गाव, आणि तू उत्तरेच्या कोरड्या हवेतून आलेली, सारखी शिंकणारी. घरात मराठीच बोलायचात तुम्ही, पण ती कानपूरची मराठी. मधल्या सुट्टीत डबा घेऊन तू आमच्या घोळक्याकडे आलीस आणि म्हणालीस, “आम्ही डबा खाऊ या?” सगळ्या पोरी फिदीफिदी हसल्या. सुमन कुठली तरी म्हणाली, “खा की मग, आम्हाला कशाला विचारते?” तू तशीच उभी राहिलीस. तुझ्या हिंदीत एकच ‘हम’ होतं, त्यात सगळे मावायचे. मराठीत आम्ही दोन दारं करून ठेवली आहेत हे तुला कुणी सांगितलं नव्हतं.

मी तुला बाजूला घेतलं आणि समजावलं. आम्ही म्हणजे तू सोडून आम्ही. आपण म्हणजे तुला धरून सगळे. ज्याच्याशी बोलतेस तो आत असेल तर आपण, बाहेर असेल तर आम्ही. तू डोळे मोठे करून ऐकलंस. मग म्हणालीस, “म्हणजे मी आत्ता तुम्हाला सगळ्यांना बाहेर काढलं?” मी म्हटलं, “हो.” तू परत घोळक्याकडे गेलीस आणि मोठ्याने म्हणालीस, “आपण डबा खाऊ या?” त्या दिवसापासून त्या पोरी तुझ्या झाल्या. माझ्या होत्या, तुझ्या झाल्या. मला तेव्हाही थोडं टोचलंच होतं.

कॉलेजात मार्क मला जास्त पडायचे. हे मी सगळ्यांना सांगते, कारण तू कधी सांगितलं नाहीस. परराष्ट्र सेवेची परीक्षा दोघींनी एकाच वर्षी दिली, माझ्या नोट्सवर दोघींनी अभ्यास केला, मुलाखतीला दोघी एकाच गाडीने दिल्लीला गेलो. मुलाखतीत दोघींना एकाच शेजारी देशाबद्दल विचारलं. मला मत विचारल्यावर मी मत दिलं, चांगलं खणखणीत. तुला विचारल्यावर तू म्हणालीस, “त्यांना स्वतःला यात काय हवंय असं त्यांचं म्हणणं आहे, ते मी आधी बघेन.” तुझी निवड झाली. मी परत येऊन नाशिकच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायला लागले. पुढे लोकांनी विचारलं की मी सांगायची, “ती राज्य चालवते, मी राज्यशास्त्र चालवते.” लोक हसायचे. मला त्यात हसण्यासारखं काही वाटायचं नाही.

तुझा हेवा मी इमानेइतबारे केला, शुभे. तुझ्या गाडीवरच्या झेंड्याचा केला. तुझ्या साड्यांचा केला, कारण त्या नेसून तू राजवाड्यांत जायचीस आणि मी स्टाफरूममध्ये. तुझ्या घरी जेवायला येणाऱ्या माणसांचा केला. पण सगळ्यात जास्त जळफळाट झाला तो एका शब्दावरून. नोकरीला लागल्यावर पहिल्या सुट्टीत तू घरी आलीस. ओट्यावर बसून आपण शेंगा सोलत होतो आणि मी तुला कुठल्याशा करारावरून छेडलं. तू म्हणालीस, “आम्ही त्यावर अजून भूमिका ठरवलेली नाही.”

मी विचारलं, “आम्ही म्हणजे कोण?”

“आम्ही म्हणजे सरकार गं.”

“आणि मी?”

तू शेंग तोंडात टाकलीस आणि म्हणालीस, “तू नाशिक.” सहज म्हणालीस. तू सगळंच सहज म्हणायचीस. ज्या दाराचा फरक मी तुला शिकवला त्याच दाराने तू मला बाहेर ठेवलंस, आणि व्याकरणाच्या दृष्टीने ते अगदी बरोबर होतं.

पुढे आपले रविवारचे फोन सुरू झाले. तू कुठेही असलीस तरी रविवारी दुपारी तुझा फोन यायचा. पहिली दहा मिनिटं तुझ्या आईचे, म्हणजे काकूंचे गुडघे, तुझ्या भावाची, अवीची मुलं, माझे सासरे. मग मी एखाद्या बातमीवर बोट ठेवायची आणि भांडण सुरू. माझं म्हणणं साधं होतं. देश मोठा झाला म्हणतो ना आपण, मग मोठ्या माणसाने चुकणाऱ्याला चूक म्हणायला नको? गल्लीतल्या मारामारीत सगळे शहाणे खिडकीतून बघत बसले तर त्या शहाणपणाचं काय लोणचं घालायचंय? तू ऐकून घ्यायचीस. परक्या देशांच्या मंत्र्यांचं तास तास ऐकून घ्यायची तुझी ख्याती होती, पण माझं ऐकताना पलीकडे तू भांडी लावतेयस हे मला ऐकू यायचं.

मग ते युद्ध झालं. तू तेव्हा दिल्लीत त्याच भागाचं काम बघत होतीस. समुद्राचा रस्ता बंद झाला, इथली द्राक्षं कंटेनरमध्ये बंदरावर अडकली, कांद्याचा भाव पडला, आणि लोकांना एकदम नकाशा पाहावासा वाटायला लागला. पण द्राक्षांचं सोड. विंचूरचा संतोष, माझा जुना विद्यार्थी, एका संध्याकाळी दारात येऊन उभा राहिला. त्याचा धाकटा भाऊ तिकडच्या बंदरावर क्रेन चालवायचा.

“मॅडम, फोन लागत नाय त्याचा,” तो म्हणाला. “आई जेवत नाय. टीव्हीवर नुसता धूर दाखवत्यात. तुमची मैत्रीण हाय ना तिकडं मोठी साहेब?”

मी तुला फोन केला. वार रविवार नव्हता तरी तू उचललास. तुझा आवाज बसला होता. मी नाव सांगितलं, गाव सांगितलं. तू म्हणालीस, “त्याला एकट्याला काढता येणार नाही, निमे. निघाले तर सगळे निघतील. त्यांना थांबायला सांग.” मी विचारलं, “आणि चूक कुणाची, ते कधी सांगणार तुम्ही?” तू म्हणालीस, “परिस्थितीवर आमचं बारीक लक्ष आहे.” पत्रकारांना द्यायचं वाक्य तू मला दिलंस. माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की मी त्याच आठवड्यात लेख लिहिला आणि तो आपल्या इथल्या दैनिकात छापून आला. शीर्षक होतं, ‘तळ्यात की मळ्यात?’ एवढा मोठा देश, आणि लहान पोरांसारखा मध्ये उभा राहून दोन्हीकडे बघतोय, असं मी लिहिलं. भित्रेपणा हा शब्द वापरला. लेख गाजला. संतोषने व्हॉट्सअॅपवर अंगठा पाठवला.

तो लेख अवीने तुला पाठवला असणार, कारण त्या रविवारी तू काकूंचे गुडघे विचारले नाहीस. एवढंच म्हणालीस, “निमे, त्या खेळात ओरडणारा कधी बाद होत नाही. बाद होतो तो उडी मारणारा.”

“म्हणजे काय?”

“म्हणजे मी एकाच्या बाजूला उडी मारली, तर दुसरा माझा फोन उचलणार नाही. आणि सध्या जगात असे फार थोडे लोक आहेत ज्यांचा फोन दोघंही उचलतात. संतोषच्या भावाचा जीव त्या फोनवर टांगलाय.”

“आणि जो चुकलाय तो मोकळा?”

पलीकडे भांडी वाजली. मग तू म्हणालीस, “काकूंना सांग, गुडघ्याला शेक चालू ठेव.” स्वतःच्या आईला तू माझ्याशी बोलताना काकू म्हणायचीस, माझ्या तोंडचा शब्द घेऊन. त्या दिवशीही म्हणालीस.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे, म्हणजे निकाल माहीत आहे. दोन्हीकडचे अधिकारी आपल्या देशात येऊन एका टेबलावर बसले. अडकलेल्या माणसांना, ती कुठल्याही देशाची असोत, बाहेर पडायला रस्ता मिळाला. तिकडची माणसं आपल्या देशाचं नाव वेगळ्या स्वरात घ्यायला लागली, असं वर्तमानपत्रांनी लिहिलं. फोटोत मंत्री होते, फुलांची परडी होती, तू नव्हतीस. संतोषचा भाऊ परत आला. संतोषची आई मला भेटायला आली ती एक गोणी कांदे घेऊन, आणि म्हणाली, “बाई, तुमच्या मैत्रिणीला पाठवा. लय पुण्य केलंय तिनं.” दिल्लीला कांदे कसे पाठवायचे? निम्मे मी खाल्ले, निम्मे गल्लीत वाटले. तुझ्या पुण्याईचे कांदे चिरताना मला रडू आलं, आणि नेमकं कशाने आलं ते सांगणं कठीण आहे.

निवृत्त झालीस आणि इंदिरानगरला अवीच्या शेजारचा फ्लॅट घेतलास. मला वाटलं, चला, आता तरी ही माझी. कसलं काय. आज शाळेचं बक्षीस वितरण, उद्या महिला दिन, परवा स्पर्धा परीक्षेच्या मुलांना मार्गदर्शन. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, पण तुझं इथेही झपाट्याने विकलं जायला लागलं. मग ते मोठं व्याख्यान झालं. सभागृह भरलेलं. तू सांगितलंस की त्या वाटाघाटींमध्ये एक मसुदा आला होता. त्यात इंग्रजीत होतं, ‘आम्ही सुरक्षित वाट देऊ.’ इंग्रजीतला तो ‘वी’. दोन्ही बाजू सही करायला तयार होत्या आणि तू पेन खाली ठेवलंस. “मी कुठलाही मसुदा मनात मराठीत करून बघते,” तू म्हणालीस. “इंग्रजीतला वी लबाड असतो. मी विचारलं, या ‘वी’मध्ये कोण कोण आहे? समोरचा धरून की सोडून? निघालं असं की दोघांच्याही मनात तो ‘आम्ही’ होता. प्रत्येक जण आपापल्या भागापुरता. मधल्या पट्ट्याची जबाबदारी कुणाचीच नव्हती, आणि माणसं नेमकी त्या पट्ट्यात अडकली होती. मग तिथे ‘दोन्ही बाजू, मिळून’ असे शब्द घातले. आमचा ‘आपण’ त्या भाषेत असा लांबण लावून लिहावा लागला.”

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. मग तू म्हणालीस, “हा फरक मला पाचवीत वर्गातल्या एका मुलीने शिकवला.”

एका मुलीने.

ती मुलगी दुसऱ्या रांगेत बसली होती, शुभे. चष्मा लावून, तुझ्यासाठी घरून थर्मासमध्ये बिनसाखरेचा चहा घेऊन. मी तो चहा परत नेला आणि पंधरवडाभर तुझा फोन उचलला नाही. मग तू स्वतः आलीस, दार वाजवलंस आणि आत येऊन खुर्चीत बसलीस.

“नाव घेतलं असतं तर पत्रकार तुझ्याकडे आले असते,” तू म्हणालीस. “तुझा तो लेख कुणीतरी उकरला असता. बघा, सगळ्यात जवळची मैत्रीणच हिला भित्री म्हणते. तुझे हाल केले असते त्यांनी. मी तुला वाचवलं.”

“मला वाचव असं कुणी सांगितलं होतं?”

“कुणीच नाही.”

“आणि वाचवलंस कुणाला? मला की स्वतःला?”

तू हसलीस आणि म्हणालीस, “दोन्ही बाजू, मिळून.” मी तुला पोहे करून घातले, पण भांडण संपलं नाही. संपायचं नव्हतंच. मला तुझ्याकडून एकच गोष्ट ऐकायची होती, की निमे, तुझा प्रश्न बरोबर होता. उत्तर दे असं मी म्हणतच नव्हते. प्रश्न बरोबर होता एवढं म्हण, म्हणजे मी त्या दाराच्या आत आले असं मी समजले असते. तू ते म्हणाली नाहीस. मग पोटाचं दुखणं निघालं, मग मुंबईच्या खेपा, आणि दुखणाऱ्या माणसाशी भांडायचं नाही एवढं वळण मलाही होतं. शेवटच्या आठवड्यात आपण फक्त टीव्हीवर स्वयंपाकाचे कार्यक्रम बघितले. तू मला विचारलंस, “आज भांडत नाहीस?” मी म्हटलं, “बरी हो, मग बघते तुझ्याकडे.” तू मला फसवून गेलीस.

तुझं तेरावं झालं आणि नंतरच्या आठवड्यात अवीचा फोन आला. “निमाताई, जरा येता का? ताईची कुणी परदेशातली ओळखीची बाई येतेय मुंबईहून. आईला तिच्याशी बोलायचंय आणि माझं इंग्रजी तुम्हाला माहितीये.” मी गेले. करड्या केसांची, साध्या सपाट चपला घातलेली, तुझ्याच वयाची बाई. त्या दोन देशांपैकी एकाची. वाटाघाटींच्या टेबलावर तुझ्या समोर बसायची ती. आता तीही निवृत्त झाली होती. कशासाठी तरी मुंबईला आली होती, आणि तू गेलीस हे कळल्यावर गाडी करून घाट चढून आली. मिठाईचा एवढा मोठा डबा आणला होता तिने. अवीने मुद्दाम चांगल्या कपांत चहा केला. काकू पलंगावर तक्क्याला टेकून बसल्या होत्या. अवीने माझी ओळख करून दिली, “फॅमिली फ्रेंड.” बस, एवढीच.

ती काकूंचा हात हातात घेऊन म्हणाली की आम्ही हिला गमावलं. तिचा तोच इंग्रजी ‘वी’. तो ‘आपण’ असाही सांगता आला असता. मी सांगितला नाही. “काकू, त्या म्हणतात, आम्ही शुभदाला गमावलं.” तू तुझ्या घरचं बघ, आम्ही आमच्या घरचं बघतो, असंच माझ्या मनात होतं. पण काकू गेली पन्नास वर्षं या मुलखात राहून अजून कानपूरचीच मराठी बोलतात. त्या म्हणाल्या, “तिला सांग, रडू नको बाळ. आम्ही सगळे एकाच नावेत आहोत.” काकूंच्या त्या ‘आम्ही’मध्ये ती बाई मावत होती, मी मावत होते, आणि सुधारायला मला तोंड नव्हतं. मी ते इंग्रजीत सांगितलं. ती बाई खूप रडली. मला तिच्या रडण्याचाही हेवा वाटला. मी अजून नीट रडले नव्हते.

मग डोळे पुसून ती माझ्याकडे वळली. हे घरातल्यांसाठी नव्हतं, नुसतं आठवणीत आलेलं होतं. ती म्हणाली, “वाटाघाटी अडल्या की ती पेन खाली ठेवायची आणि सांगायची, माझ्या गावात एक बाई आहे. राज्यशास्त्र शिकवते. दर रविवारी मला विचारते की चूक कुणाची. मी तिला उत्तर देत नाही, पण तिचा प्रश्न बरोबर आहे. तेव्हा मला सांगा, मी या रविवारी तिला काय सांगू? आणि मग आम्ही दोन्ही बाजू त्या बाईसमोर स्वतःची कैफियत मांडायला लागायचो. शेवटी शेवटी तर आम्हाला तिची भीती वाटायची.” ती किंचित हसली. “ती बाई खरी होती का हो? की शुभदाने रचलेली? आम्ही यावर पैज लावली होती.”

शुभे, माझ्या हातातला कप मी खाली ठेवला. जे मला ऐकायचं होतं ते तू म्हणाली होतीस. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. या बाईला. त्या पलीकडच्याला. परक्या माणसांनी भरलेल्या खोलीत तू मला टेबलावर बसवलंस आणि मला तेवढं सांगितलं नाहीस.

मी म्हटलं, “खरी आहे ती. इथेच राहते.”

“भेटेल मला?”

“नाही भेटत ती कुणाला,” मी म्हटलं. “फार भांडखोर आहे.” ती मीच हे मी सांगितलं नाही. तुझ्यातला एवढा एक वाटा मी तिला द्यायला तयार नव्हते.

तिने मान हलवली. मग ती म्हणाली, “तुमच्या देशाने तेव्हा आमच्याकडे बोट दाखवलं असतं तर मी या घरात पाऊल ठेवलं नसतं. तुम्ही दाखवलं नाहीत. म्हणून मी आज सांगू शकते. ती बाई भेटली तर तिला सांगा, सुरुवात आमची होती. चूक आमची होती. हे आमच्याकडे कुणी बोलत नाही, मीही तिकडे बोलणार नाही. पण शुभदाच्या रविवारचं उत्तर द्यायचं राहिलं होतं.”

“काय म्हणते गं ती?” काकूंनी विचारलं.

“शुभदा फार चांगली होती म्हणते.”

“ते सांगायला इतक्या लांबून यायला हवं होतं का?” काकू म्हणाल्या, आणि तिच्या बशीत आणखी चिवडा वाढायला त्यांनी अवीला खूण केली.

ती गेल्यावर मी चालत घरी आले. माझ्याकडे आता ते होतं जे त्या लेखाच्या वेळी सगळ्या संपादकांना हवं होतं. एका बाजूच्या माणसाने, त्या टेबलावर बसलेल्या माणसाने, स्वतःच्या तोंडाने दिलेली कबुली. लिहिलं असतं तर पहिल्या पानावर आलं असतं, माझ्या नावासकट. तुझ्या फोटोत तू नव्हतीस, माझ्या बातमीत मी असते. माझा तो जुना लेख बरोबर ठरला असता, आणि दुसऱ्या रांगेतून मी पहिल्या रांगेत गेले असते. मी टेबलाशी बसले. पहिलं वाक्यही सुचलं, चांगलं सुचलं. मग मला त्या बाईच्या सपाट चपला आठवल्या, आणि तिला परत जायचंय ते घर कुठल्या देशात आहे हे आठवलं. उद्या पुन्हा तिकडे काही पेटलं, तर दिल्लीतल्या तुझ्या खुर्चीत बसलेल्या कुणा पोरीला फोन करावे लागतील, आणि ते उचलले जायला हवेत, हेही आठवलं. मी ते वाक्य खोडलं आणि हे लिहायला घेतलं.

इथवरचा लेख काल दैनिकाकडे पाठवला. आज सकाळी संपादकांचा फोन. “मॅडम, लेख छान झालाय, पण त्या दोन देशांची नावं कुठेच नाहीत. ती पाहुणी कुठली, तेही नाही. वाचकाला कळणार कसं, चूक कुणाची होती ते?”

“नाही कळणार,” मी म्हटलं.

“निदान मला तरी सांगा.”

मी नाही सांगितलं. त्यांना माझा राग आला, तो त्यांच्या आवाजात स्पष्ट होता. बाई घाबरली असंही त्यांना वाटलं असेल. मला उत्तर माहीत होतं, ते जिभेवर होतं, आणि मी ते गिळून फोन ठेवला. त्यानंतर दुपारपर्यंत माझ्याकडून दुसरं काही काम झालं नाही. हे तू उभ्या नोकरीत रोज केलंस, शुभे, आणि वर रविवारी फोन करून काकूंचे गुडघे विचारलेस. तुझ्या गाडीचा, झेंड्याचा, साड्यांचा हेवा मी जन्मभर केला. याचा करायचा राहून गेला होता.